ऑफिसात आलेलं टपाल आणि पार्सल: दारापासून टेबलापर्यंत

कुरिअरच्या साइटवर ‘डिलिव्हर्ड’ दिसतं, खाली कुणाची तरी वाचता न येणारी सही असते आणि ज्याचं पार्सल आहे तो मात्र तीन मजले हिंडून विचारत असतो, “माझं काही आलंय का?” असं पार्सल रस्त्यात हरवलेलं नसतं. दारापासून टेबलापर्यंतच्या शंभर पावलांत ते कुठेतरी थांबलेलं असतं. सही एकाने केली, कोपऱ्यात दुसऱ्याने ठेवलं, जागा हवी म्हणून तिसऱ्याने हलवलं. तिघांपैकी कुणी चुकलं असं म्हणता येत नाही आणि वस्तू मात्र सापडत नाही.

आवकेची व्यवस्था चांगली की वाईट हे एका प्रश्नावर ठरतं: ही वस्तू आत्ता कुणाच्या ताब्यात आहे? याचं उत्तर कधीही, कुणालाही, मिनिटभरात देता आलं पाहिजे. पुढची सगळी पायरीपायरीची मांडणी त्यासाठी आहे.

आधी मोजा, मग खरेदी करा

सॉफ्टवेअर, लॉकर, बारकोड स्कॅनर यांच्या मागे लागण्याआधी दोन आठवडे साध्या कागदावर रेघा मारून मोजणी करा. रोज किती साधी पत्रं, किती सहीची टपालं, किती पार्सलं. कोणत्या तासाला सगळ्यात जास्त गर्दी. सगळ्यात मोठं खोकं केवढं. आणि आलेली वस्तू माणूस किती दिवसांनी नेतो. शेवटचा आकडा बहुतेक जण मोजत नाहीत, पण जागा किती लागेल हे त्याच्यावरच ठरतं. रोज तीस पार्सलं येत असतील आणि ती सरासरी चार दिवस पडून राहत असतील, तर कोणत्याही क्षणी तुमच्या मांडणीवर एकशेवीस पार्सलं असणार. लोक दोन दिवसांत नेऊ लागले की तीच मांडणी निम्म्यात भागते. म्हणजे नवा रॅक घेण्याआधी आठवण करून देण्याची पद्धत सुधारणं स्वस्त पडतं.

रोज वीस-पंचवीस नोंदी होत असतील तर एक नोंदवही किंवा सगळ्यांना उघडता येईल अशी एक शीट पुरते. त्यापुढे मात्र हाताने नंबर उतरवण्यात चुका वाढतात आणि स्कॅनरचा खर्च वसूल होतो.

जागा

आत येण्याचं दार एकच ठेवा. काही रिसेप्शनवर, काही गेटवर, काही मागच्या जिन्याने असं चालू असेल तर नोंदवही कितीही नेटकी असली तरी ती अर्धवटच राहणार. ऑफिसच्या पत्त्यातच ‘आवक-जावक कक्ष, तळमजला’ अशी ओळ घालून सगळ्या पुरवठादारांना कळवा.

आतमध्ये दोन जागा एकमेकींपासून स्पष्ट वेगळ्या हव्यात: ‘नोंद व्हायची आहे’ आणि ‘नोंद झाली’. एक टेबल आणि एक मांडणी, मध्ये जमिनीवर पिवळी पट्टी. नोंद न झालेली वस्तू पट्टीपलीकडे जाणार नाही, मग ती साहेबांची असो की कुणाच्या घाईची. एवढा एक नियम काटेकोर पाळला तरी निम्मे घोळ मिटतात. टेबलाची उंची ७५ सेंटिमीटरच्या आसपास असावी, म्हणजे वजनदार खोकं उचलताना कमरेत वाकावं लागत नाही.

याशिवाय कुलूपबंद कपाट (चेक, गोपनीय पाकिटं, महागडी उपकरणं), वाऱ्याशीर एक कोपरा आणि संशयास्पद वस्तू आढळली तर दार ओढून घेता येईल अशी खोलीची रचना. सामान म्हणाल तर: ५० किलोपर्यंतचा वजनकाटा, तारखेचा शिक्का, पाकिटं फोडायची बोथट सुरी, पातं आत जाणारा कटर, विजेरी, हातमोजे, चाकांची ट्रॉली आणि फोटो काढायला ऑफिसचा फोन. स्वतःच्या फोनवर फोटो काढायला लावू नका. माणूस सुट्टीवर गेला की पुरावाही सुट्टीवर जातो.

दारात: सही करण्याआधीची दोन मिनिटं

डिलिव्हरीवाला घाईत असतो, त्याची घाई तुमची नाही. सही होण्याआधी जबाबदारी त्याच्याकडे असते, सही झाल्यावर ती तुमच्याकडे येते. म्हणून क्रम असा ठेवा.

१. पत्ता वाचा. कंपनीचं नाव, मजला, माणसाचं नाव. शेजारच्या ऑफिसचं पार्सल चुकून घेतलं की ते परत करण्याचं काम तुमच्या गळ्यात पडतं.

२. नग मोजा. लेबलवर ‘३ पैकी १’ असं असेल तर तिन्ही आलेत का ते पाहा. दोनच आले असतील तर सहीजवळ ‘३ पैकी २ मिळाले’ असं लिहा.

३. खोक्याच्या सहाही बाजू पाहा. तळ पाहायला विसरतात, आणि ओल तळालाच धरते. कोपरा चेपलेला, पुठ्ठ्याला भोक, मूळ चिकटपट्टीवर दुसऱ्या रंगाची पट्टी, आतून खुळखुळ असा आवाज: यातलं काही दिसलं की फोटो. एक फोटो संपूर्ण खोक्याचा, एक लेबलचा, एक नुकसानीचा जवळून.

४. खोक्यावरच्या खुणा वाचा. पेला म्हणजे नाजूक, छत्री म्हणजे ओल नको, दोन उभे बाण म्हणजे ही बाजू वर. या खुणा आयएसओ ७८० या मानकातल्या आहेत, त्यामुळे कोणत्याही देशातून माल आला तरी त्यांचा अर्थ बदलत नाही. महागड्या यंत्रांच्या खोक्यावर धक्क्याची किंवा कलण्याची खूण दाखवणारी छोटी चकती लावलेली असते. ती लाल झालेली असेल तर लगेच परत पाठवायची गरज नाही. पावतीवर तशी नोंद करा, फोटो काढा आणि त्याच दिवशी ज्याची वस्तू आहे त्याच्यासमोर उघडा.

५. मगच सही. सहीखाली सुटं नाव, वेळ आणि शेरा.

शेऱ्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. ‘तपासणीच्या अधीन’ असा सरसकट शिक्का मारून ठेवणारी ऑफिसं खूप आहेत. प्रत्येक पावतीवर तोच शिक्का असला की त्याला वजन राहत नाही. ‘डावा खालचा कोपरा फाटलेला, आतला थर्माकोल दिसतोय’ हे सात शब्द त्या शिक्क्यापेक्षा कितीतरी उपयोगी. यंत्राच्या पडद्यावर सही घेतात तेव्हा शेरा लिहायला जागा नसते. अशा वेळी डिलिव्हरीवाला समोर असतानाच, पार्सल आणि त्याचा पडदा एका चौकटीत येईल असा फोटो घ्या आणि तासाभरात कुरिअरला ईमेल करा.

नुकसान बाहेरून दिसत नसेल तरी मुदत चालू झालेली असते. आंतरराष्ट्रीय विमानमार्गे आलेल्या मालाला १९९९चा माँट्रियल करार लागू असेल, तर नुकसानीची लेखी तक्रार माल मिळाल्यापासून १४ दिवसांत आणि उशिराची २१ दिवसांत करावी लागते. सीमेपलीकडून रस्त्याने आलेल्या मालाला जिथे १९५६चा सीएमआर करार लागतो, तिथे दिसणाऱ्या नुकसानीची हरकत माल घेतानाच आणि न दिसणाऱ्याची ७ दिवसांत, रविवार आणि सुट्ट्या सोडून, नोंदवायची असते. देशांतर्गत कुरिअरच्या अटींत मुदत याहून कमीही असू शकते. ती अटींची पानं एकदा वाचून मुदती भिंतीवर लावून ठेवा. ‘कपाटात ठेवलंय, पुढच्या महिन्यात उघडू’ ही सवय इथे महागात पडते.

घ्यायचंच नसेल तर सही न करता ‘नाकारले’ आणि कारण लिहून परत द्या. पैसे देऊन सोडवायची पार्सलं, मागवणाऱ्याने आधी कळवलेलं नसेल, तर काउंटरवरून कधीच सोडवू नका.

नोंद

नोंदवहीत रकाने वाढवायचा मोह आवरा. आठ पुरतात: आवक क्रमांक, तारीख-वेळ, कुणाकडून, कुणासाठी, प्रकार, ट्रॅकिंग नंबर, कुठे ठेवलं, कुणी-केव्हा नेलं. भरलेली एक ओळ अशी दिसते:

०४१७ | १४ मार्च, ११:२० | पुरवठादार, छपाई | खरेदी विभाग | खोकं, ६.२ किलो, कोपरा चेपलेला (फोटो आहे) | ट्रॅकिंगचे शेवटचे सहा अंक | ब-३ | —

शेवटचा रकाना रिकामा आहे, म्हणजे वस्तू अजून आवक कक्षाच्या ताब्यात आहे. दिवसअखेरी फक्त या रिकाम्या रकान्यांवरून बोट फिरवायचं. तेवढ्याच वस्तू मांडणीवर असायला हव्यात.

आवक क्रमांक वर्षारंभी १ पासून सुरू करा आणि तोच क्रमांक जाड मार्करने पार्सलवर लिहा, तीन सेंटिमीटर तरी उंच. ट्रॅकिंग नंबर शोधत खोकं उलटंपालटं करण्यात वेळ जातो. ‘४१७’ लांबूनही दिसतं.

टपाल खात्यामार्फत परदेशातून येणाऱ्या वस्तूंच्या नंबरात एक सोय दडलेली आहे, ती माहीत असली तर हाताने लिहिताना होणारी चूक तिथेच पकडता येते. जागतिक टपाल संघाच्या एस१० मानकाप्रमाणे हा नंबर १३ खुणांचा असतो: आधी दोन अक्षरं (‘आर’ने सुरू होणारी रजिस्टर टपालासाठी, ‘सी’ने सुरू होणारी पार्सलसाठी, ‘ई’ने सुरू होणारी जलद सेवेसाठी), मग आठ आकडे, एक पडताळा-अंक आणि शेवटी देशाची दोन अक्षरं. आठ आकड्यांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणायचं. समजा आकडे आहेत १२३४५६७८. गुणाकार होतात ८, १२, १२, ८, १५, ३०, ६३, ५६, बेरीज २०४. तिला ११ ने भागलं की बाकी ६ उरते. ११ मधून ६ गेले, ५. म्हणजे नववा अंक ५ असायला हवा. (वजाबाकी १० आली तर अंक ०, ११ आली तर ५.) शीटमध्ये हे सूत्र एकदा घालून ठेवलं की चुकीचा नंबर टाकताच रकाना लाल होतो. खासगी कुरिअरचे नंबर वेगळ्या पद्धतीचे असतात, त्यांना हा हिशेब लागू नाही. त्यांच्यासाठी स्कॅनरच बरा.

नोंदवही काउंटरवर उघडी ठेवू नका. कुणाला दवाखान्याचं पाकीट आलं, कुणाला कोर्टाचं, कुणाला दुसऱ्या कंपनीचं, हे येणाऱ्याजाणाऱ्याने वाचायचं काहीच कारण नाही. सही घेताना वरच्या-खालच्या ओळी झाकणारी पुठ्ठ्याची खिडकी कापून घ्या.

मांडणी: नावाप्रमाणे नको, जागेप्रमाणे

पहिली कल्पना सुचते ती आद्याक्षराप्रमाणे कप्पे करण्याची. ती आठवडाभर टिकते. मग ‘स’ आणि ‘प’चे कप्पे ओसंडतात, ‘ठ’चा कप्पा रिकामा, आणि मोठं खोकं कुठल्याच कप्प्यात मावत नाही. त्यापेक्षा कप्प्यांना पत्ते द्या: अ-१, अ-२, ब-१. वस्तू मावेल तिथे ठेवा आणि तो पत्ता नोंदीत लिहा. शोधायचं काम नोंदवही करते, डोळ्यांनी करायची गरज नाही. जड वस्तू कमरेच्या उंचीला, हलक्या वर, तळाचा कप्पा जमिनीपासून वीतभर उंच. वस्तू एका कप्प्यातून दुसरीकडे हलवली की नोंद त्याच क्षणी बदलायची; या पद्धतीचा एकमेव कच्चा दुवा तोच आहे.

टपाल फोडणं

पार्सलांच्या गर्दीत साध्या पाकिटांकडे दुर्लक्ष होतं आणि खरा धोका तिथेच असतो, कारण मुदतीचे कागद पाकिटातून येतात.

आधी गठ्ठा चार ढिगांत वाटा: न फोडायची, सहीची, साधी, जाहिराती. न फोडायच्या ढिगात ‘वैयक्तिक’, ‘गोपनीय’ लिहिलेली, मनुष्यबळ विभागाची, वैद्यकीय, आणि जिथे माणसाचं नाव आधी व कंपनीचं नाव नंतर आहे अशी पाकिटं. कोणत्या विभागाचं टपाल आवक कक्षाने फोडायचं याची लेखी परवानगी असायला हवी. चुकून फोडलंच तर ‘चुकून उघडले’ असा शेरा, वेळ आणि सही करून, चिकटपट्टीने बंद करून ज्याचं त्याच्या हातात द्या. लपवालपवी केली की संशय वाढतो.

फोडताना पाकिटाची खालची कड टेबलावर दोनदा आपटा, म्हणजे आतला कागद खाली बसतो, आणि वरच्या कडेने सुरी चालवा. पाच पाकिटांचा गठ्ठा एकदम फाडायला जाऊ नका. आतला चेक फाटला तर नवा मागवण्यात पंधरवडा जातो. कागद बाहेर काढला की पत्राच्या तळाशी ‘सोबत: ३’ असं काही लिहिलंय का पाहा आणि सहपत्रं मोजा. कमी असतील तर पत्रावरच पेन्सिलने ‘सोबत २ मिळाली’ लिहा. शेवटी रिकामं पाकीट उजेडासमोर धरा. छोटी पावती, कापलेली चिठ्ठी आत राहून केराच्या टोपलीत गेल्याची उदाहरणं थोडीथोडकी नाहीत.

आवक शिक्का उजव्या वरच्या कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेत, मजकूर, सही किंवा मूळ तारीख झाकली जाणार नाही असा. करारनामे, प्रमाणपत्रं आणि मूळ दस्तऐवज यांच्यावर शिक्का मारूच नका. त्यांच्यासोबतच्या पत्रावर मारा. आणि शिक्क्याची तारीख सकाळी सगळ्यात आधी फिरवा. कालच्या तारखेचा शिक्का बसलेल्या पत्राने मुदतीच्या वादात काय घोळ होतो, ते वकिलांना विचारा.

पाकिटं लगेच टाकू नयेत. साधी आठवडाभर ठेवावीत. नोटीस, निविदा, अपील, राजीनामा असं काही असेल तर पाकीट पत्रालाच टाचावं, कारण पाठवल्याची तारीख फक्त टपालाच्या छापावर असते. पाठवणाऱ्याचा पत्ता पत्रावर नसून पाकिटावरच असणं हेही नेहमीचंच.

कायदेशीर नोटीस किंवा सरकारी पत्र आलं की ते ट्रेमध्ये जात नाही. नोंद, स्कॅन, संबंधिताला फोन, आणि तासाभरात हातोहात. उत्तराची मुदत बहुधा तुम्हाला मिळाल्याच्या दिवसापासून मोजतात. साहेब दौऱ्यावर आहेत म्हणून ती थांबत नाही.

चेक आणि रोख असलेलं टपाल दोघांनी मिळून फोडावं. एकाने वाचायचं, दुसऱ्याने यादी करायची: कुणाकडून, चेक नंबर, बँक, रक्कम. यादीची एक प्रत आवक कक्षात राहते, दुसरी चेकसोबत हिशेब विभागात जाते आणि तिथली सही आपल्या प्रतीवर येते. जो माणूस चेक घेतो त्यानेच खात्यात जमेची नोंद करायची नाही, हा जुना नियम आजही मोडू नये असाच आहे.

स्कॅन करायचं ठरवलं असेल तर ३०० डीपीआयवर (इंचामागे ३०० ठिपके) करा, म्हणजे अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला मजकूर नीट वाचता येतो आणि तो शोधता येण्याजोगा होतो. दीर्घकाळ ठेवायचे कागद पीडीएफ/ए स्वरूपात साठवा. फाइलचं नाव तारीख उलटी लिहून सुरू करा, वर्ष-महिना-दिवस, मग आवक क्रमांक. यादी आपोआप क्रमाने लागते. स्कॅन पाठवला म्हणजे मूळ कागद पोचला असं समजू नका, त्याची पोच वेगळी घ्यायची.

वाटप आणि पोच

नोंद होताच कळवा, दुपारी गठ्ठ्याने नको. संदेशात आवक क्रमांक, खोकं की पाकीट, अंदाजे वजन आणि नेण्याची वेळ एवढं लिहा. ‘तुमचं पार्सल आलं आहे’ एवढंच लिहिलं तर १८ किलोचं यंत्र न्यायला माणूस हात हलवत येतो.

टपालाची फेरी दिवसातून दोनदा ठरावीक वेळी ठेवा. टेबलावर माणूस नसेल तर सहीची वस्तू तिथे ठेवून यायची नाही, शेजाऱ्याकडे तर नाहीच. परत आणा, नोंदीत ‘जागेवर नव्हते, दु. ३:१०’ लिहा. दुसऱ्याला पाठवून मागवणाऱ्यांकडून ईमेलवर एक ओळ घ्या: अमुक माझं ०४१७ नेईल. सुरुवातीला लोक कटकट करतात. दोन आठवड्यांत सवय होते.

मागवलेल्या मालाच्या बाबतीत जबाबदारीची रेघ ठळक हवी. आवक कक्ष खोकी मोजतो, आतला माल मोजत नाही. आतला माल मागवणारा विभाग पर्चेस ऑर्डर आणि खोक्यातल्या यादीशी पडताळतो आणि दोन कामाच्या दिवसांत ‘बरोबर’ किंवा ‘तफावत’ कळवतो. त्यानंतरच बिल पुढे सरकतं. पुरवठादाराचं बिल आणि ऑर्डर जुळली म्हणून पैसे देऊन टाकायचे आणि माल प्रत्यक्षात किती आला हे कुणीच पाहायचं नाही, अशी गळती वर्षानुवर्षं चालू राहते.

वेगळी वागणूक मागणारी पार्सलं

थंड ठेवायचा माल (बहुतेक औषधं, तपासणीचे नमुने २ ते ८ अंश सेल्सिअसला) आला की आधी फोन, मग नोंद. ‘फ्रीजमध्ये ठेवा’ असं लिहिलेलं फ्रीझरमध्ये टाकू नका. गोठल्याने खराब होणारी औषधं बरीच आहेत.

कोरडा बर्फ असलेल्या खोक्यावर यूएन१८४५ असा धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो. हा गोठलेला कार्बन डायऑक्साइड उणे ७८.५ अंशाला थेट वायू होतो. तो वायू हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत जमिनीलगत साचतो आणि श्वास कोंडतो. खोकं वाऱ्याशीर कोपऱ्यात ठेवा, झाकण हवाबंद करू नका, उघड्या हाताने बर्फाला शिवू नका.

लिथियम बॅटऱ्यांच्या खोक्यांवर यूएन३४८० (सुट्या बॅटऱ्या), यूएन३४८१ (उपकरणात किंवा उपकरणासोबत) असे क्रमांक दिसतात. ती उन्हात, हीटरजवळ किंवा बाहेर पडायच्या वाटेवर रचू नका. खोकं गरम लागतंय, फुगलंय, फसफस ऐकू येतेय किंवा गोडसर रासायनिक वास येतोय, तर उघडून पाहू नका. माणसं बाहेर काढा, अग्निशमन दलाला फोन करा.

वजनाबाबत: अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या उचलण्याच्या सूत्रात २३ किलो ही सगळं अनुकूल असतानाची मर्यादा धरली आहे, म्हणजे वस्तू अंगाजवळ, कमरेच्या उंचीला, वळण न घेता. जमिनीवरून उचलायचं असेल तर मर्यादा बरीच खाली येते. १५ किलोवर ट्रॉली आणि २५ वर दोन माणसं, असा घरचा नियम करून खोक्यावर वजन मार्करने लिहून ठेवा.

संशयास्पद वस्तू

२००१ साली अमेरिकेत अँथ्रॅक्सची भुकटी भरलेली पत्रं टपालाने गेली. पाच जण दगावले, सतरा जण आजारी पडले, आणि त्यात टपाल हाताळणारे कर्मचारीही होते. असं पत्र बहुतेकांच्या अख्ख्या नोकरीत येत नाही, पण काय करायचं ते आधीच ठरलेलं हवं.

खुणा एकएकट्या फारशा बोलत नाहीत, दोन-तीन एकत्र आल्या की थांबायचं: पाठवणाऱ्याचा पत्ता नाही किंवा टपालाचा छाप भलत्याच गावचा, गरजेपेक्षा खूप जास्त तिकिटं, चिकटपट्टीचा अतिरेक, तेलकट डाग, वास, एका बाजूला जड, तार किंवा फॉइल डोकावतंय, कडांतून भुकटी, जो माणूस इथे नाही त्याच्या नावावर ‘फक्त स्वतः उघडावे’.

भुकटी सांडली असेल तर: हलवू नका, हुंगू नका, झाडू नका. पाकीट आहे तिथेच ठेवून अलगद झाका. पंखा आणि एसी बंद. सगळे बाहेर, दार बंद. साबण-पाण्याने हात धुवा, डोळे-तोंडाला हात नको. पोलिसांना फोन. खोलीत त्या वेळी कोण होतं याची यादी करा, डॉक्टरांना ती लागते. स्फोटकाचा संशय असेल तर वस्तूला अजिबात स्पर्श नको, पाण्यात बुडवणं वगैरे तर नकोच. मोबाइल आणि वायरलेस तिच्याजवळ वापरू नका, दूर जाऊन फोन करा.

याहून नेहमीचा धोका साधा दिसतो. कुणी न मागवलेलं पार्सल, आत पेन ड्राइव्ह किंवा ‘कुणी पाठवलं ते पाहण्यासाठी स्कॅन करा’ असा क्यूआर कोड. दोन्ही आयटी विभागाकडे, न वापरता. खोक्यात दडवलेलं छोटं उपकरण ऑफिसच्या वाय-फायची टेहळणी करू शकतं हेही २०१९ मध्ये सुरक्षा संशोधकांनी करून दाखवलं आहे. त्यामुळे अनोळखी माणसाच्या नावाचं पार्सल महिनाभर कोपऱ्यात पडू देणं हा नुसता पसारा राहत नाही.

न नेलेली, सोडून गेलेल्यांची, सुट्टीतली

आल्या दिवशी पहिला संदेश, तिसऱ्या दिवशी दुसरा, सातव्या दिवशी विभागप्रमुखाला प्रत, पंधराव्या दिवशी परत. ही मुदत आधी जाहीर केलेली असली की भांडण होत नाही. वैयक्तिक पार्सलांना परवानगी द्यायची की नाही हा ऑफिसचा प्रश्न. दिलीत तर आकार, वजन आणि जबाबदारीची मर्यादा लेखी सांगा, आणि दोन दिवसांनंतर ठेवणार नाही हेही.

नोकरी सोडणाऱ्यांची यादी दर महिन्याला मनुष्यबळ विभागाकडून मागवा. त्यांच्या नावाने पण कंपनीच्या कामाचं आलेलं टपाल त्यांच्या जागी आलेल्या माणसाकडे, खासगी वाटणारं न फोडता परत. लांब सुट्टीच्या आधी कुरिअरवाल्यांना बंदच्या तारखा कळवा, नाहीतर खोकी गेटवर रखवालदाराच्या खुर्चीमागे साठतात आणि तिथे ना नोंदवही असते ना पिवळी पट्टी.

महिन्यातून एकदा अर्धा तास काढून दोन्ही बाजूंनी तपासणी करा. नोंदवहीतल्या न नेलेल्या दहा ओळी निवडून मांडणीवर त्या वस्तू शोधा. मग मांडणीवरच्या कुठल्याही दहा वस्तू उचलून त्यांच्या ओळी नोंदवहीत शोधा. पहिल्या तपासणीत एखादी वस्तू सापडली नाही, तर बहुधा कुणीतरी सही न करता नेलेली असते आणि दोन फोनमध्ये पत्ता लागतो. दुसऱ्या तपासणीत नोंद नसलेली वस्तू सापडली, तर ती कुणीतरी पट्टी ओलांडून थेट आत ठेवली आहे. तिच्यावरची धूळ पुसून लेबलवरची तारीख वाचा आणि त्या दिवशी काउंटरवर कुणाची पाळी होती ते पाहा.